स्वस्तातलं कार्ड

"आधी ब्रेक दाखवा," ड्रायव्हर म्हणाला.

दुकानातली बाई हातातला पेचकस खाली ठेवून त्याच्याकडे बघायला लागली. पहिल्या मजल्यावरचं ते जुन्या-नव्या सुट्या भागांचं दुकान इतकं अरुंद होतं, की दोन गिऱ्हाइकं समोरासमोर आली तर एकाला जिन्यात जाऊन उभं राहावं लागे. तिथे तऱ्हेतऱ्हेची माणसं येत, पण गेम खेळायच्या कॉम्प्युटरला ब्रेक मागणारा गृहस्थ तिला पहिल्यांदाच भेटत होता.

"काका, कॉम्प्युटरला ब्रेक नसतो."

"तसं नव्हे हो ताई. गाडी घेताना लोक इंजिन विचारतात, सीटचं कापड विचारतात. मी आधी ब्रेक बघतो. जे बिघडलं तर सगळंच जाईल, ते आधी. तुमच्या या डब्यात तसं काय असतं?"

बाईला माणूस आवडला. तिने फळीवरून एक जड चौकोनी पेटी काढून त्याच्या हातात ठेवली. "हा पॉवर सप्लाय. इथे काटकसर करू नका. हलका घेतलात आणि जळला, तर जाताना बाकीच्यांनाही घेऊन जाईल."

"मग हा नवा द्या. बाकीचं जुनं चालेल."

त्यानंतरची निवड भराभर झाली. प्रोसेसर त्याने वापरलेला घेतला. इंजिन मुरलेलं असावं, या मताचा तो माणूस. मेमरीच्या पट्ट्या लहान पण दोन घेतल्या, कारण जोडीने बऱ्या पळतात असं बाई म्हणाली. कॅबिनेटला रंगीत दिवे हवेत का, असं तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "दिवे लग्नाच्या गाडीला," आणि साधा काळा पत्र्याचा डबा पसंत केला. मग तिने माळ्यावरून कुणीतरी विकलेलं एक स्टेअरिंग काढलं. त्याचं रबर झिजलेलं होतं, सोबत पायाखाली ठेवायची पेडलं होती. ते त्याने दोन्ही हातांनी धरलं आणि बाईने दोनदा "हेच ना?" असं विचारेपर्यंत सोडलं नाही.

राहता राहिलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र रंगवणारा भाग. बाईने काउंटरवर तीन मांडली. "हे भारी, हे बरं, हे स्वस्तातलं."

"स्वस्तातल्यात खोट काय?"

"खोट नाही, दम कमी आहे. रस्त्यावरच्या गोष्टी जरा उशिरा उगवतील. आधी रस्ता रिकामा दिसेल आणि मग झाड, माणूस एकदम समोर येईल. सवय होते त्याची."

ड्रायव्हरने स्वस्तातलं उचललं.

"मुलासाठी का?" बाईने बिल करता करता विचारलं.

"माझ्यासाठी. बस चालवायचा एक गेम आहे ना, त्यासाठी."

"हौस आहे म्हणायची!"

"हौस कसली," तो म्हणाला. "सराव."

आता त्याला ड्रायव्हर म्हणायचं की नाही, यावरूनच खरं तर सगळा घोळ चालला होता. आपण म्हणू. अठ्ठावीस वर्षं त्याने शहराची बस चालवली होती. डेपोत त्याला लोणी म्हणत, कारण त्याचा ब्रेक कधी लागला ते उभ्या प्रवाशालासुद्धा कळत नसे. बढतीच्या परीक्षेला तो कधी बसला नाही, संपात कधी पुढे झाला नाही. त्याच्या नावावर तक्रार नव्हती आणि सत्कारही नव्हता. चारचौघांत त्याला बोलायला जमत नसे. बोलायचं ते तो पायाने बोलायचा, आणि ते मागच्या पन्नास माणसांना पोहोचायचं.

मग वार्षिक तपासणीत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचं डोकं एका यंत्रात ठेवलं. आत पांढरा घुमट, मधोमध एक ठिपका. ठिपक्यावरून नजर हलवायची नाही आणि बाजूला कुठेही उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. तो बाहेर आला तेव्हा यंत्राने काढलेल्या कागदावर डावीकडे मोठा काळा डाग होता.

"काचबिंदू आहे," डॉक्टर म्हणाल्या. "डाव्या बाजूचं दिसणं बरंच गेलंय."

"मला तर सगळं दिसतंय. तुमच्या खिडकीचा पडदासुद्धा."

"तीच तर अडचण आहे. गेलेली जागा काळी दिसत नाही. आजूबाजूला जे असेल तेच तिथे भरलं जातं. रस्ता असेल तर रस्ताच दिसत राहतो." त्यांनी थेंबांची बाटली लिहून दिली. "गेलेलं परत येणार नाही. हे थेंब राहिलेलं सांभाळतील. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, मग कायमचं काय ते ठरवू. तोवर बसला हात लावायचा नाही."

ड्रायव्हरला वाटलं, आपला घात त्या बटणाने केला. खेळण्यातलं असावं तसलं ते बटण. अंगठ्याने टिकटिक करायची त्याला कुठे सवय होती? हात सुस्तावले, नजर सुस्तावली, एवढंच. सराव केला की सगळं जागेवर येईल. थेंबांची बाटली त्याने आणली आणि सीलसकट फ्रिजच्या दारात ठेवून दिली. औषध घेतलं की आजार कबूल केल्यासारखं झालं असतं.

तीन महिन्यांसाठी डेपोने त्याला हरवल्या-सापडल्या वस्तूंच्या खोलीत बसवलं. बसमध्ये विसरलेल्या छत्र्या, डबे, चष्मे, एकदा तर दातांची कवळी. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधायची आणि कुणी मागायला आलं तर ओळख पटवून द्यायची. बहुतेक वेळा कुणी येत नसे. खिडकीबाहेरून बस निघायच्या, आणि कुठल्या बसचा क्लच लवकर जाणार हे तो आत बसून आवाजावरून सांगायचा, पण ते ऐकायला तिथे छत्र्यांशिवाय कुणी नव्हतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत एका कंडक्टरणीने त्याला मोबाइलवर तो बसचा गेम दाखवला. "कॉम्प्युटरवर मोठ्या पडद्यावर, स्टेअरिंग लावून खेळलं की अगदी खरं वाटतं, लोणीदादा," ती सहज म्हणाली. त्याच्या मनाने ते धरलं ते धरलंच.

त्याची बायको कपड्यांच्या कारखान्यात तयार शर्ट तपासायची. दिवसाकाठी शेकडो शर्ट तिच्या हाताखालून जात, आणि सुटलेला टाका किंवा वाकडं काज तिच्या नजरेतून निसटत नसे.

"एवढा खटाटोप करून खोटी बस चालवणार?" खोकी बघून ती म्हणाली.

"बस खोटी, रस्ता खोटा. चालवणारा तर खरा ना?"

सुट्टीच्या दिवशी सकाळी त्याने इस्त्रीच्या टेबलावर जुळणी मांडली. स्क्रू पुठ्ठ्यावर ओळीने लावले, तारा गुंत्याविना बांधल्या, प्रत्येक भाग बसवताना जरा दाबून, जरा हलवून खात्री केली. कळ दाबली तेव्हा पंखे फिरले, पण पडदा काळाच राहिला. त्याने सगळं उसकटून पुन्हा जोडलं. पुन्हा पंखे फिरले, पुन्हा पडदा काळा. दुपार झाली, ताटं वाढून झाली, तरी हा डब्यात डोकं घालून बसलेला.

बायको हात पुसत आली आणि मागच्या बाजूने वाकून बघायला लागली. "अहो, पडद्याची वायर लावायला मागे दोन जागा दिसताहेत. एक वर, एक खाली. तुम्ही वर लावलीय. कार्ड तर खाली बसवलंत ना?"

त्याने वायर खाली लावली. पडदा उजळला.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," ती म्हणाली. "चला जेवायला."

त्या संध्याकाळी त्याने पडद्यावरची बस आगाराबाहेर काढली. गेममध्ये आरसे होते, दारं उघडायचं बटण होतं, थांब्यावर ताटकळणारी माणसं होती. तो पिवळ्या दिव्याला थांबायचा, रिकाम्या रस्त्यावरही वळताना दिवा दाखवायचा. बायको शेजारी स्टुलावर बसून उसवलेलं काहीतरी शिवत असायची. "शेवटचा थांबा, उतरा," असं तो म्हणाला की ती हसायची. बस सुटल्यापासून तो पहिल्यांदाच नीट जेवायला लागला होता.

फेरी संपली की पडद्यावर निकाल येई. वेळ पाळणे, पूर्ण गुण. ब्रेक, पूर्ण गुण. धडका, तीन.

"हे काय?" बायकोने विचारलं.

"एकदम उगवतात गं. रस्ता मोकळा असतो आणि एकदम सायकल समोर. ती दुकानवाली म्हणालीच होती, या कार्डात दम नाही."

बायकोने सुईत दोरा ओवला.

पुढचे कितीतरी दिवस हेच चाललं. धडका कधी दोन, कधी पाच. त्याने पडदा जवळ ओढून पाहिला, लांब सारून पाहिला. कार्डाला हलकं जावं म्हणून चित्राचा दर्जा उतरवला; झाडं पुठ्ठ्याची दिसायला लागली, तरी माणसं उगवायची थांबेनात. एक म्हातारी, एक हातगाडीवाला, शाळेच्या गणवेशातली एक मुलगी. तिला धडक बसली तेव्हा खोटी मुलगी आहे हे ठाऊक असूनही त्याने स्टेअरिंग सोडलं आणि उठून पाणी प्यायला. डेपोत कंडक्टरणीपाशी त्याने कार्डाची तक्रार केली तर ती हसून म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं, लोणीदादा!" ती थट्टाच होती, पण तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

तपासणीला आठ दिवस राहिले तेव्हा बायको आपणहून म्हणाली, "असं करा, कार्ड बदलूनच आणा. भारीतलं आणा. कमी पडले तर मी देते."

"अगं, फार महाग आहे ते."

"असू दे. एकदाचं काय ते कळू दे."

कार्ड पिशवीत घालून तो त्या पहिल्या मजल्यावर गेला. "ताई, हे तुमचं कार्ड फसवं निघालं," असं त्याने जिन्यातूनच ऐकवलं. बाईने ते उलटसुलट करून पाहिलं, पंख्यातली धूळ फुंकली आणि आपल्या यंत्रात बसवलं. तोच गेम लावला. "मी चालवते. तुम्ही नुसतं सांगा, कुठे उशिरा उगवतंय."

ती वाईट चालवत होती. पहिल्याच वळणाला तिने मागचं चाक फुटपाथवर चढवलं, आणि ड्रायव्हरचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायला लागला. नजर मात्र त्याने सवयीने समोर रस्त्यावर ठेवली.

"आत्ता! ती सायकल बघितलीत? एकदम आली."

बाईने त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग पुढे चालवत राहिली.

"हा हातगाडीवाला! कुठून उपटला?"

बाईने गेम थांबवला. उठून काचेच्या कपाटातून तीन पंख्यांचं एक कार्ड काढलं. दुकानातलं ते सगळ्यात महाग. "हे विकत घ्या म्हणून लावत नाहीये," ती म्हणाली. "नुसतं बघू."

चित्र लख्ख झालं. डबक्यात दिव्यांचे उजेड दिसायला लागले, पानं हलायला लागली. ड्रायव्हरला हायसं वाटलं. इतक्या स्वच्छ रस्त्यावर लपायला जागाच नव्हती. तो मनातल्या मनात घरचे पैसे जुळवायला लागला, आणि तेवढ्यात लाल कोटातली एक बाई बसच्या थेट तोंडाशी उभी राहिली.

"याच्यावरही तेच!" तो म्हणाला. "सगळी चोर मंडळी आहेत."

"काका." दुकानातल्या बाईचा आवाज उतरला होता. "ती बाई केव्हाची चालत येत होती. पार त्या औषधाच्या दुकानापासून."

"शक्य नाही."

"उजवीकडूनसुद्धा कितीतरी गोष्टी आल्या. मोटारी आल्या, एक कुत्रं आडवं आलं. त्या तुम्ही एकदाही उशिरा आल्या म्हणाला नाहीत." तिने पुन्हा गेम थांबवला. "कार्डाला डावं-उजवं नसतं, काका. उशीर झाला तर दोन्हीकडून होतो."

पडद्यावर चित्र थांबलेलं होतं. ड्रायव्हरने मान वळवून डाव्या कडेकडे पाहिलं. तिथे एक सायकलवाला होता. त्याने पुन्हा समोर पाहिलं. सायकलवाला गेला, त्याच्या जागी फुटपाथ होता, दुकानांची ओळ होती, सगळं कसं जागच्या जागी. मान वळवली, सायकलवाला होता. असं त्याने चारपाच वेळा केलं आणि मग काउंटरला हात टेकून उभा राहिला.

स्वतःच्या नोकरीची चिंता त्या क्षणी त्याला आठवलीसुद्धा नाही. आठवला तो खरा रस्ता, गेल्या वर्षीचा, त्याच्या आदल्या वर्षीचा. बससमोरून ऐनवेळी मागे सरलेली माणसं, खिडकीशी हात नाचवून शिव्या घालणारा एक सायकलवाला. लोकांना हल्ली चालायची शिस्त राहिली नाही, असं तो तेव्हा कंडक्टरला म्हणाला होता. किती जण आपले आपण वाचले असतील?

"पाणी देऊ?" बाईने विचारलं.

"नको. माझं तेच परत द्या. चांगलं आहे ते."

तिने कार्ड काळजीने पुठ्ठ्यात गुंडाळून दिलं. तपासणीचे पैसे त्याने विचारले, ते तिने घेतले नाहीत. जिना उतरताना त्याने आयुष्यात पहिल्यांदा कठड्याला धरलं.

घरी बायकोने दार उघडलं आणि आधी त्याच्या हातातली पिशवी पाहिली. "बदललं नाही?"

"नाही. कार्डात काही खोट नव्हती." तो खुर्चीत बसला. बराच वेळ बुटांची नाडी सोडत राहिला. मग म्हणाला, "ते थेंब कुठे आहेत?"

तिने फ्रिजमधून बाटली आणली, नखाने सील फोडलं. त्याने मान मागे टाकली. तिने खालची पापणी ओढून थेंब सोडला, आणि गार लागल्यामुळे तो दचकला.

"तुला केव्हापासून माहीत होतं?" डोळा मिटूनच त्याने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. ती पहिली सायकल मला तीन दुकानं आधीपासून दिसत होती."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर ऐकलं असतंत?"

त्याने विचार केला. "नसतं."

"डॉक्टरांचं ऐकलं नाहीत, माझं काय ऐकणार होता! म्हटलं, खोट्या माणसांना धडकून कळतंय तर कळू दे. उगाच खरं कुणी..." तिने वाक्य तिथेच सोडलं. "दुसरा डोळा उघडा."

दुसऱ्या डोळ्यात थेंब पडला आणि मग तो रडला. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. तिने बाटलीचं झाकण लावलं आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिली.

तपासणीच्या दिवशी तिने अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि त्याच्याबरोबर गेली. डेपोतल्या एका जुन्या ड्रायव्हरने त्याला बाहेरच गाठून युक्ती सांगितली, की यंत्र बारीक टकटक करतं, प्रत्येक टकटकीला बटण दाबत जा, दिसो न दिसो. माझं असंच निभावलं. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. ड्रायव्हरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेला.

घुमटात डोकं घातल्यावर तो मधल्या ठिपक्याकडे बघत राहिला. उजवीकडे उजेड चमकला, त्याने बटण दाबलं. वर चमकला, दाबलं. मग नुसती टकटक यायला लागली. एक, दोन, तीन, चार. प्रत्येक टकटकीला डावीकडे कुठेतरी उजेड होऊन जात होता, आणि त्याच्यापुढे मात्र स्वच्छ पांढरा घुमट होता, कुठेही डाग नसलेला. अंगठा बटणावर होता. बस अजून मिळू शकत होती. त्याने अंगठा हलवला नाही.

डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. "फारसं वाढलेलं नाही. थेंब चालू ठेवलेत तर इतकं टिकेल. बसचं मात्र..."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "सही कुठे करू?"

बाहेर आल्यावर बायकोने निकाल विचारला नाही. दोघं रस्त्याने चालायला लागले. लग्न झाल्यापासून रस्त्यावर वाहनांची बाजू त्याची असायची. ती आतून, तो बाहेरून, असं न ठरवता ठरलेलं होतं. आजही तो तसाच चालत होता. कोपऱ्यावरच्या दिव्यापर्यंत गेल्यावर त्याचा पाय रेंगाळला.

"अगं," तो म्हणाला, "तू या बाजूला ये."

ती त्याच्या मागून वळसा घेऊन डावीकडे आली आणि तिने त्याचा दंड धरला. ते चौकापर्यंत पोहोचले. त्याच्यापुढे रस्ता मोकळा होता.

"थांबा," ती म्हणाली.

तो थांबला. काय येतंय, ते त्याने विचारलं नाही.